उचकी आणि खोड : ‘हिचकी’ चित्रपटातील टूरेट-विकाराचे दर्शन

१

एखाद्या विकाराविषयीचे समाजाचे अज्ञान दूर करावे, या हेतूने निर्माण झालेल्या कलाकृतीची समीक्षा दुहेरी कसोटीवर करावी लागते. ती कलाकृती म्हणून किती समर्थ आहे, हा पहिला प्रश्न. ज्या गैरसमजाशी तिचा झगडा आहे त्या गैरसमजाचे मर्म तिला सापडले आहे की नाही, हा दुसरा. हेतूच्या चांगुलपणामुळे पुष्कळदा हे दोन्ही प्रश्न विचारलेच जात नाहीत. कृती ‘उपयुक्त’ ठरवून समीक्षक मोकळा होतो आणि तिचा उपयोग नेमका कोणाला व कसा झाला, हे पाहावयाचे राहून जाते.

२३ मार्च २०१८ रोजी प्रदर्शित झालेला, सिद्धार्थ मल्होत्रा यांनी दिग्दर्शित केलेला ‘हिचकी’ हा हिंदी चित्रपट या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. टूरेट-विकार असलेली नायिका मध्यवर्ती ठेवून लोकप्रिय हिंदी चित्रपट निर्माण व्हावा, ही घटना अपूर्व होती. चित्रपट मुंबईत घडतो. नायिकेचे आईवडील सुप्रिया आणि सचिन पिळगावकर यांनी उभे केले आहेत आणि तिच्या बालपणीच्या मुख्याध्यापकांची भूमिका विक्रम गोखले यांची आहे. त्यामुळे भाषा हिंदी असली तरी मराठी प्रेक्षकाला तो परका वाटला नाही.

तथापि ज्याच्या अज्ञानाचा प्रश्न आहे तो प्रेक्षक केवळ मुंबईत राहत नाही. वाशीमहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वऱ्हाड आणि मराठवाडा यांच्या शिवेवर कनेरगाव नाका हे गाव आहे. अशा गावातील शाळेत एखादा मुलगा वर्ग चालू असता वारंवार डोळे मिचकावतो, मान झटकतो, घशातून आवाज काढतो, असे क्षणभर कल्पावे. त्याच्या शिक्षकाने ‘हिचकी’ पाहिला असेल, तर त्या मुलाकडे पाहण्याची त्याची दृष्टी बदलेल काय? बदलली तर कोणत्या दिशेने? प्रस्तुत विवेचनाला हीच कसोटी धरली आहे.

२

चर्चेच्या सोयीसाठी विकाराचे स्वरूप थोडक्यात ध्यानी घेणे अवश्य आहे. फ्रेंच वैद्य झाँ इतार यांनी १८२५ मध्ये एका सरदार घराण्यातील स्त्रीच्या अशा लक्षणांची नोंद केली होती. पुढे १८८५ मध्ये झॉर्झ झील द ला टूरेट यांनी नऊ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यांचे गुरू शार्को यांनी विकाराला शिष्याचे नाव दिले. या विकारात शरीराच्या आकस्मिक, पुनःपुन्हा होणाऱ्या हालचाली घडतात, तसेच अनाहूत ध्वनी वा शब्द तोंडून निघतात. येथे त्यांना अनुक्रमे अंगविक्षेप व स्वरविक्षेप म्हटले आहे. निदान किमान दोन अंगविक्षेप व एक स्वरविक्षेप आढळून, त्यांचा प्रादुर्भाव वर्षाहून अधिक काळ राहिला असता केले जाते. आरंभ बहुधा पाच ते सात वर्षांच्या वयात होतो, दहा ते बारा या वयात लक्षणे तीव्र होतात आणि पुष्कळांच्या बाबतीत तारुण्याबरोबर ती ओसरू लागतात. मुलींपेक्षा मुलांत हे प्रमाण तीन ते चार पट आहे. शाळकरी वयाच्या शंभर मुलांत एक किंवा त्याहून काहीसे कमी, असा सामान्य अंदाज आहे. बुद्धीशी या विकाराचा विरोध नाही. मात्र चंचलता, एकाग्रतेचा अभाव किंवा कृतींची सक्तीने पुनरावृत्ती करण्याची प्रवृत्ती अनेकदा त्याच्या जोडीने असते. तोंडून अश्लील शब्द निघणे हे या विकाराचे सर्वांत गाजलेले लक्षण होय. प्रत्यक्षात ते दहांपैकी एखाद-दुसऱ्यातच आढळते.

समीक्षेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट याहून निराळी आहे. विक्षेप पूर्णतः ऐच्छिक नसतात आणि पूर्णतः अनैच्छिकही नसतात. जाणत्या वयाच्या बहुतेक रुग्णांना विक्षेपापूर्वी एक अस्वस्थ ओढ जाणवते. शिंक येण्यापूर्वी नाकात होणारी चुळबुळ किंवा खाजवावेसे वाटणारी खाज, यांच्याशी तिची तुलना केली जाते. ही ओढ काही काळ रोखून धरता येते. पण रोखण्यात सारे अवधान खर्ची पडते, आणि ओढ वाढतच जाते. शाळेत पाच तास आवरून बसलेला मुलगा घरी येताच विक्षेपांच्या स्वाधीन होतो, असा अनेक पालकांचा अनुभव आहे. ताणाने विक्षेप वाढतात, तर मन एखाद्या कामात तल्लीन झाले की ते पुष्कळदा ओसरतात.

गैरसमजाचे मूळ नेमके येथेच आहे. जे थोडा वेळ रोखता येते ते नेहमीच रोखता आले पाहिजे, असे पाहणाऱ्याला वाटते. गुरुजी समोर असता मुलगा गप्प बसतो आणि पाठ वळताच आवाज काढतो. मग तो मुद्दामच करतो, यात त्यांना शंका उरत नाही. खेळताना त्याला काही होत नाही आणि गणिताच्या तासाला होते. मग ते सोंगच होय, असा निष्कर्ष निघतो. निरीक्षण अचूक आणि अनुमान सर्वथा चुकीचे, असा हा प्रकार आहे. म्हणून हा गैरसमज केवळ अज्ञानाने जन्मत नाही, तो डोळ्यांनी पाहिलेल्या पुराव्यावर पोसला जातो. जनजागृती करू पाहणाऱ्या कृतीचे खरे काम हा पुरावा उलगडून दाखविण्याचे आहे.

३

या अनुमानाला मराठी भाषेनेही हातभार लावला आहे. अशा हालचालींसाठी बोलीत जे शब्द सहज येतात ते चाळा, खोड, लकब, सोंग, नाटक हे होत. ‘लकब’ हा यांतील सौम्य शब्द. तो प्रौढांच्या, त्यातही प्रतिष्ठितांच्या वाट्याला येतो. मुलाच्या वाट्याला येते ती ‘खोड’. या शब्दाच्या पाठोपाठ ‘खोड मोडणे’ हा वाक्प्रचार येतो, आणि त्यात उपाय म्हणून शिक्षा आधीच अंतर्भूत आहे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ही म्हण तर निदान, कारण आणि भविष्य असे तिन्ही एका वाक्यात सांगून टाकते. वस्तुस्थिती तिच्या बरोबर उलट आहे. ही ‘खोड’ मुलाने जडवून घेतलेली नसते आणि पुष्कळदा ती जिवंतपणीच, वयाबरोबर, आपोआप उतरणीला लागते.

दुसरीकडे ‘झटका’ हा शब्द आहे. पण तो अपस्माराशी इतका निगडित झाला आहे की त्याने वेगळीच भीती जागी होते. अंगात येणे, बाहेरचे लागणे हे आणखी एक वर्तुळ. तेथे मुलावरचा दोष दूर होतो खरा, पण मूल वैद्याऐवजी भगताकडे नेले जाते. याप्रमाणे दोष, भय आणि बाधा या तीन अर्थच्छटांखेरीज चौथी छटा या विकारासाठी बोलीत सहज सापडत नाही. विद्वज्जनांनी ‘विक्षेप’ म्हटले तरी तो शब्द वर्गाच्या दारापर्यंत पोचत नाही. तेथे ‘खोड’च पोचलेली असते.

मराठी वाङ्मयाला मात्र चमत्कारिक वर्तनाकडे पाहण्याची दुसरी दृष्टी अगदीच अपरिचित नाही. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात संकलित केलेल्या गोविंदप्रभूंच्या लीळांत या महापुरुषाचे वर्तन लौकिकदृष्ट्या वेडसर वाटावे असेच आहे. स्वतःशी बोलणे, शिवीवजा ठराविक उद्गार वारंवार काढणे, कोणाच्याही घरात शिरणे, वस्तूंशी खेळणे, हे सारे तेथे बारकाईने नोंदले आहे. यावरून गोविंदप्रभूंना एखादा विकार होता असे अनुमान काढणे सर्वस्वी गैर ठरेल. चरित्रकाराचा उद्देश निराळा आहे, आणि श्रद्धेच्या ग्रंथाचा रुग्णपत्रिकेसारखा उपयोग करणे ही समीक्षेची मर्यादा ओलांडणे होय. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, त्या गद्याने विचित्र उद्गाराला दुरुस्त केले नाही. तो जसा ऐकला तसा टिपला आणि त्याभोवती माणसांनी आपले वागणे कसे जुळवून घेतले तेही टिपले. अर्थात हा आदर देवत्वामुळे लाभला. सामान्य मुलाला तो देवत्वावाचून लाभावा, ही आधुनिक काळाची मागणी आहे.

४

‘हिचकी’चे कथानक ब्रॅड कोहेन या अमेरिकन शिक्षकाच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनावर आधारलेले आहे. त्यावर २००८ मध्ये अमेरिकेत दूरचित्रवाणीपटही झाला होता. चोवीस शाळांनी नाकारल्यावर पंचविसाव्या शाळेने कोहेन यांना घेतले, आणि जॉर्जिया राज्यात ते प्राथमिक शिक्षक झाले. हिंदी चित्रपटात कोहेन यांच्या जागी नैना माथुर (राणी मुखर्जी) आली. सेंट नॉटकर्स या मुंबईतील प्रतिष्ठित शाळेत तिला नववीच्या ‘फ’ तुकडीवर नेमले जाते. शिक्षणहक्काच्या कायद्यामुळे शाळेला सामावून घ्यावी लागलेली झोपडपट्टीतील चौदा मुले या तुकडीत आहेत. विकाराच्या कथेला वर्गभेदाची कथा जोडण्याचा हा निर्णय रूपांतरकारांचा स्वतःचा आहे आणि चित्रपटातील नाट्य बहुतांशी त्यातूनच निर्माण होते. शाळेचे नावही लक्षणीय आहे. नवव्या-दहाव्या शतकातील संत नॉटकर ‘तोतरा’ म्हणून ओळखला जाई आणि तोतऱ्यांचा कैवारी मानला जातो. योगायोग असो वा योजना, वाणीच्या व्यंगाला आश्रय देणाऱ्या संताच्या नावाची शाळाच येथे वाणीच्या व्यंगाला दाराशी थांबविते.

चित्रपटाचे गुण मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. अश्लील उद्गाराच्या लक्षणाचा मोह त्याने टाळला, आणि एका प्रचलित विकृत समजाला खतपाणी घातले नाही. विनोदासाठी विक्षेपांचा वापर होतो तो वर्गातील मुलांकडून. प्रेक्षकांना त्या हसण्यात आधी सामील करून घेऊन मग ओशाळे केले जाते, ही योजना परिणामकारक आहे. ताण वाढला की नैनाचे विक्षेप वाढतात, हे राणी मुखर्जी यांच्या अभिनयात सूक्ष्मपणे येते.

सर्वांत महत्त्वाचा प्रसंग बालपणीचा आहे. आवाजामुळे कार्यक्रमात व्यत्यय आणणाऱ्या लहान नैनाला मुख्याध्यापक खान भर सभेत व्यासपीठावर बोलावतात. प्रेक्षकांना वाटते की आता शिक्षा होणार. खान मात्र तिलाच तिच्या त्रासाविषयी बोलू देतात आणि शाळेने तिच्यासाठी काय करावे, असे विचारतात. इतर मुलांसारखे वागवावे, एवढेच तिचे मागणे असते. हा प्रसंग कोहेन यांच्या आयुष्यातून आला आहे. विक्रम गोखले यांनी तो कोणताही उपदेशाचा सूर न लावता केला. एका मुलाला ‘सुधारण्या’ऐवजी दोनशे ऐकणाऱ्यांना शहाणे करणे, हे जनजागृतीचे संपूर्ण तत्त्व या एका दृश्यात सामावले आहे. विशेष म्हणजे त्यासाठी महानगर लागत नाही, तज्ज्ञ लागत नाही, खर्चही लागत नाही. प्रार्थनेला जमलेली कनेरगाव नाक्याची शाळासुद्धा त्याला पुरेशी आहे.

५

असे असता चित्रपट आपल्या मुख्य कार्यात उणा का पडतो? त्याचे उत्तर त्याच्या नावातच आहे. हिंदीतील ‘हिचकी’ म्हणजे मराठीतील उचकी, आणि लक्षणेने अडखळणे, अडथळा. प्रत्येकाच्या आयुष्यात काही ना काही ‘हिचकी’ असते, अशा रीतीने हे रूपक चित्रपटाच्या प्रसिद्धीतही पुढे मांडले गेले. रूपक गोड आहे, परंतु ते चुकीचे आहे. उचकी ठरवून थांबविता येत नाही, म्हणूनच उचकी लागलेल्याला कोणी दोष देत नाही. उलट मराठी घरात कोणीतरी आठवण काढली म्हणून कौतुक होते आणि पाण्याचा पेला पुढे केला जातो. टूरेट-विकारग्रस्त मुलाचे दुःख नेमके याच्या उलट आहे. त्याला थोडा वेळ थांबता येते. आणि थांबता येते म्हणूनच त्याला दोष दिला जातो. ‘हे उचकीसारखे आहे’ असे ज्या शिक्षकाला सांगितले जाईल, तो मुलाला पाच मिनिटे शांत बसलेला पाहताच म्हणेल की, ही काही उचकी नव्हे. रूपकाने दिलेले ज्ञान पहिल्याच निरीक्षणाने खोटे ठरेल आणि आधीचा समज दुप्पट बळावेल.

नैनाचे विक्षेप पडद्यावर पुनःपुन्हा दिसतात. ती ते रोखते आहे, त्या रोखण्याची तिला किंमत मोजावी लागते आहे, हे मात्र कथेचा विषय होत नाही. विक्षेप दिसतो, त्याआधीची ओढ दिसत नाही. प्रेक्षकाला करुणा वाटते, पण उमज पडत नाही. करुणा ही नायिकेपुरती मर्यादित राहू शकते. उमज मात्र वर्गातल्या दुसऱ्या मुलाला लावता येते.

या ठिकाणी काही परदेशी कृतींची तुलना उद्बोधक ठरते. ऑलिव्हर सॅक्स यांनी १९८५ च्या आपल्या प्रसिद्ध संग्रहात रे या ढोलवादकाचे शब्दचित्र रेखाटले आहे. हा मनुष्य आठवडाभर औषध घेऊन संयत जगतो आणि शनिवार-रविवारी औषध थांबवून आपल्या वादनातील आवेग परत मिळवितो. १९९५ च्या संग्रहात त्यांनी एका कॅनेडियन शल्यचिकित्सकाचे चित्र रंगविले. घरी व रस्त्यात विक्षेपांनी ग्रासलेला हा गृहस्थ शस्त्रक्रियेच्या वेळी पूर्ण स्थिर असतो. हीच विसंगती सामान्य शिक्षकाला सोंग वाटली असती. सॅक्स तिलाच विषयाचा केंद्रबिंदू करतात आणि वाचकाच्या अनुमानाला आतून सुरुंग लावतात. जोनाथन लेथम यांच्या १९९९ मधील ‘मदरलेस ब्रुकलिन’ या कादंबरीचा निवेदकच टूरेट-विकारग्रस्त आहे. शब्द मनात कसा उसळतो, तो दाबताना काय होते आणि दाबलेला शब्द मोडतोड होऊन कसा बाहेर पडतो, हे तेथे भाषेच्या अंगानेच प्रत्ययाला येते. वाचक ती ओढ स्वतः अनुभवतो. चित्रपटमाध्यमाला हे अशक्य आहे, असा बचाव टिकणारा नाही. ‘तारे जमीन पर’ (२००७) या चित्रपटात अक्षरे नाचताना दिसतात, आणि वाचनदोष असलेल्या मुलाची दृष्टी प्रेक्षकाला काही क्षण उसनी मिळते. ‘हिचकी’त तसा क्षण नाही.

६

दुसरी उणीव गुणवत्तेच्या कथासूत्राची आहे. नैना असामान्य शिक्षिका आहे. ती उनाड ठरविलेल्या तुकडीला उत्तीर्ण करते, शाळेचा मान राखते आणि शेवटी तेथूनच सन्मानाने निवृत्त होते. ‘तारे जमीन पर’मधील मुलगाही असामान्य चित्रकार निघतो. व्यंगाची भरपाई प्रतिभेने व्हावी, हा लोकप्रिय कथेचा संकेत आहे. त्याने प्रेक्षक सुखावतो. परंतु यातून नकळत अशी अट तयार होते की, विकारग्रस्ताने इतरांहून अधिक काही सिद्ध करावे, मग त्याचा आवाज सहन केला जाईल. व्यासपीठावरील लहान नैनाचे मागणे मात्र इतरांसारखे वागवावे, एवढेच होते. तीस गुण मिळविणाऱ्या, क्रिकेट बेताचे खेळणाऱ्या, कोणत्याही दृष्टीने साधारण अशा मुलाला ते मागणे लागू पडते. चित्रपटाने आपल्या सर्वोत्तम दृश्यात जे तत्त्व मांडले, त्याचा पुढील दोन तासांत स्वतःच विसर पडू दिला आहे.

याविरुद्ध असा आक्षेप घेता येईल की, सर्वसामान्य प्रेक्षकाला सूक्ष्म भेद नकोत. त्याने विकाराचे नाव ऐकले, नायिकेवर प्रेम केले, एवढे पुरे. या आक्षेपात तथ्यांश आहे. नाव माहीत नसलेल्या दुखण्यावर इलाजही शोधता येत नाही, आणि ‘हिचकी’मुळे ते नाव असंख्य घरांत प्रथम पोचले, हे ऋण मोठे आहे. परंतु नावाबरोबर जो अर्थ पोचतो त्याची जबाबदारीही कृतीवरच राहते. शिवाय चित्रपटात योग्य उपमा हाताशी होती. नववी ‘फ’ची मुले मुद्दाम उपद्रव देतात असे सारी शाळा मानते. त्यांच्या वागण्यामागची कारणे नैना शोधून काढते. ‘मुद्दाम’ या शब्दाचे तिने मुलांच्या बाबतीत जे विश्लेषण केले, तेच स्वतःच्या विक्षेपांच्या बाबतीत तिच्या तोंडी आले असते, तर दोन कथा एकमेकींत मुरल्या असत्या. आज त्या शेजारी शेजारी चालतात.

या सूक्ष्म भेदाचे व्यावहारिक मोल थोडे नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या परिशिष्टात एकवीस प्रकारची दिव्यांगत्वे आहेत. त्यांत टूरेट-विकाराचे स्वतंत्र नाव नाही. शाळांतून बालकांची आरोग्य तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तीस विकारांच्या यादीतही ते नाही. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याचे सतरावे कलम शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई करते, पण शिक्षकाला ही शिक्षा नसून ‘वळण’ आहे असे वाटत असेल तर कलम वाचूनही तो थांबत नाही. अनेक मुलांना औषधाचीही गरज नसते. ओढ ओळखण्यास व तिला पर्यायी हालचालीकडे वळविण्यास शिकविणारी वर्तनोपचार पद्धती उपलब्ध आहे. पण ती शिकविणारा गावात नसतो. तेथे उरतो तो शिक्षक. त्याच्या हाती बरेच असते. विक्षेपाकडे दुर्लक्ष करणे, मुलाला क्षणभर बाहेर जाऊ देणे, हसणाऱ्यांना समजावणे, परीक्षेला थोडा अधिक वेळ मिळवून देणे, हे सारे तो करू शकतो. परंतु मूल रोखू शकत असूनही दोषी नाही, हे एक वाक्य त्याला पटलेले असल्याखेरीज यातील काहीही घडणार नाही.

७

‘हिचकी’चे मूल्यमापन म्हणून असे करावे लागते. एका अपरिचित विकाराला त्याने नाव, चेहरा आणि प्रतिष्ठा दिली. व्यासपीठाच्या प्रसंगात त्याने जनजागृतीचे खरे तत्त्वही गाठले. परंतु विकाराच्या अनुभवाचा गाभा म्हणजे आवरण्याची धडपड. ती त्याच्या रूपकातून निसटली आणि गैरसमजाचे मूळ अबाधित राहिले. उचकीची उपमा ऐकणाऱ्याला मुलाची दया येते. शिंकेची उपमा दिली असती तर त्याला स्वतःचे नाक आठवले असते.

मराठी वाङ्मयापुढे यातून एक स्पष्ट कार्य उभे राहते. पारिभाषिक शब्द घडविणे हा त्याचा सोपा भाग होय. अवघड भाग आहे तो ‘खोड’ या शब्दाची पकड सैल करण्याचा, आणि तो कोशकार करू शकत नाही. आवरून धरलेल्या मुलाच्या आतून लिहिलेली कथा किंवा एकांकिका तो करू शकेल. वऱ्हाड-मराठवाड्याच्या शिवेवरील बोलीत लिहिलेली, शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांनाच करता येईल अशी ती असावी. तिच्यातील मुलगा पहिला न येता नुसता उत्तीर्ण झाला तरी चालेल. कनेरगाव नाक्याच्या शिक्षकाला ती पाहून एवढेच आठवावे की, भर सभेत आलेली शिंक आपणही एकदा नाक दाबून धरली होती, आणि ती काही केल्या थांबली नव्हती.